मडकईतली फियाट घेऊ की नको? (१९८३ची पद्मिनी, ११ वर्षं अंगणात उभी)

कुळागर_८१ · ३ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. थोडी लांबण लावतो, पण सल्ला हवाच आहे.

गेल्या रविवारी सुपारीच्या कामासाठी मडकईला गेलो होतो. शेजारच्या घराच्या अंगणात फणसाखाली निळी ताडपत्री दिसली. तिचा आकार ओळखीचा वाटला म्हणून कोपरा उचलला, तर फियाट! प्रीमियर पद्मिनी, १९८३ची, गोव्याचा जीडीने सुरू होणारा जुना नंबर. रंग एके काळी पांढरा असावा. घरात काकी एकट्याच असतात. काका जाऊन ११ वर्षं झाली आणि तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. आता अंगणाच्या बाजूची भिंत पाडून चिऱ्यांची नवी बांधायची आहे, म्हणून पावसाआधी गाडी कुणीतरी न्यावी असं त्यांचं म्हणणं. ६० हजार सांगतात.

माझी परिस्थिती अशी. फोंड्यात बँकेत नोकरी. स्कूटरचं ऑइल, प्लग, ब्रेक-शू घरीच करतो, त्यापुढे हात गेलेला नाही. दोन वर्षांत मिळून ३ लाखांपर्यंत घालू शकेन. गॅरेज नाही, अंगण आहे. घरून मिळालेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो: "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं."

मला फियाटच का, तर लहानपणी आमच्या वाड्यावर एकच गाडी होती आणि ती फियाट होती. म्हार्दोळच्या जत्रेला तीत नऊ जण बसायचे. गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढची सीट बाकासारखी सलग. माझी जागा कायम तिथे मधोमध. गियर टाकताना ड्रायव्हरकाकांचं कोपर दर वेळी माझ्या कानाला लागायचं.

असो. घेऊ की नको?

म्हापशाचा_पाना · ३ मे, रात्री १०:३१

घे रे बाबा! हौसेला मोल नसतं. ६० हजारांत आजकाल बरा फोनही येत नाही.

तेलकट_हात · ४ मे, सकाळी ६:५०

वरच्या सल्लागाराने आयुष्यात किती गाड्या उघडल्यात ते आधी विचारा.

कुळागर, मी ३४ वर्षं या धंद्यात घालवली. त्यातली पहिली १५ फियाट आणि अँबेसेडरच्या खाली आडवं पडून. तुला वाटतंय की प्रश्न इंजिनाचा आहे. इंजिन जाम असेल का, सुरू होईल का, हेच डोक्यात असणार. ते डोक्यातून काढ. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन आहे. मुंबईत या गाड्या हजारोंनी टॅक्सी म्हणून पळाल्या, त्यातल्या शेवटच्या काळीपिवळीची २० वर्षांची मुदत २०२३च्या ऑक्टोबरात संपली. म्हणजे कालपरवापर्यंत त्यांचं सामान विकलं जात होतं. रिंग-पिस्टन, बेअरिंग, क्लच प्लेट, सगळं अजून मिळतं. बोअरिंगला ब्लॉक बेळगावला उद्यमबागेत न्यायचा, चार दिवसांत हातात. इंजिन म्हणजे हिशेबाची बाब आहे, पैसे टाकले की होतं.

पत्र्याचं तसं नाही. जीपला खाली वेगळी चासी (लोखंडी सांगाडा) असते, बॉडी सडली तरी ती उचलून दुसरी बसवता येते. फियाटला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पेटी जाते (आम्ही तिला पट्टी म्हणतो) ती घराच्या वाशासारखी आहे. तीच खाल्ली गेली असेल तर वरून कितीही चकाकी आण, खड्ड्यात गाडी कंबरेत मोडल्यासारखी वाकते.

आणि ताडपत्रीचं सांगतो, कारण सगळ्यांना वाटतं झाकून ठेवली म्हणजे जपली. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. खालची माती चार महिने ओली, ऑक्टोबराचं ऊन पडलं की तिची वाफ वर येते आणि ताडपत्रीला आतून घाम सुटतो. तो घाम गाडीवरच ठिबकतो. वाऱ्याला वाटच नाही, मग वाळणार कधी? उघड्यावर ठेवलेली गाडी निदान वाळते तरी. त्यात फणस. पानं कुजून काचेखालच्या फटीत बसतात, पाणी जायची भोकं बुजतात, आणि ते पाणी आतल्या बाजूने फ्लोअरवर. त्यावर तागाचं जाड अस्तर, ते स्पंजासारखं भिजून राहतं. मडकई म्हणजे वर जुवारीची खारी हवा आलीच.

बघायला जाशील तेव्हा एवढं कर. लोहचुंबक ने, पातळ फडक्यात गुंडाळलेलं. चाकांवरची कमान, दारांचे खालचे काठ, पट्टी, सगळीकडे लावत जा. जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग जाड स्क्रू-ड्रायव्हर. खालून टोचायचा, काकींना विचारून! आत घुसला तर समजून जा. आणि शेवटची परीक्षा: दार उघडं ठेवून त्याच बाजूने, पट्टीखाली लाकडाची फळी घालून, जॅक लाव. गाडी थोडी उचलली की दार लावून बघ. लागलं तर बॉडीत जीव आहे. अडकलं किंवा फट वाकडी झाली, तर नमस्कार करून घरी ये.

इंजिन सुरू करायला मात्र जाऊ नकोस. प्लग काढ, प्रत्येक भोकात थोडं ऑइल आणि रॉकेल सोड, रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी पुलीच्या नटला पाना लावून हाताने फिरव. जोर करायचा नाही.

पुणेरी_स्पॅनर · ४ मे, सकाळी ९:१५

वा, मस्त माहिती. फक्त एक जोडतो. रिस्टोर केल्यावर व्हिंटेज नंबर घ्या, मग दर काही वर्षांनी पासिंगची कटकट राहत नाही.

आरसी_बुक · ४ मे, सकाळी ११:०२

व्हिंटेजसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हावी लागतात. १९८३ची गाडी २०३३ साली त्यात बसेल. शिवाय २०२१च्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमांनुसार 'व्हीए' नंबर घेतला (फी २० हजार, मुदत १० वर्षं) की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. ज्याला फियाटमधून म्हार्दोळला जायचंय त्याच्या ते काय कामाचं?

कुळागर, तुझ्या गाडीला साधं नूतनीकरण लागेल. पाच-पाच वर्षांचं. २०२५च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या चारचाकीला त्याची फी १० हजार केलीय. मुदत टळून गेलेली असेल तर उशिराचा आकार वेगळा. पण फी ही शेवटची पायरी. त्याआधी मला सांग:

आरसी कुणाच्या नावावर आहे? काकांच्या असेल तर गाडी काकींची, असं धरून चालू नकोस. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत नवरा-बायकोची निम्मी निम्मी. म्हणजे अर्धी फियाट आधीपासूनच काकींची, उरलेली अर्धी मुलांची. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर, त्याला बाकीच्या वारसांची संमती, आणि मग फॉर्म २९-३० भरून तुझ्या नावावर. एक वारस परदेशात आणि एक रुसलेला असला की ६० हजारांच्या गाडीसाठी दोन वर्षं जातात. हे मी पाहिलंय.

दुसरं, ती नोंदणी हाताने लिहिलेल्या रजिस्टरातली आहे. संगणकावर चढवली आहे का ते आधी बघ. नसेल तर ते जुनं पान शोधून बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. पान सापडलं नाही तर तुझ्या अंगणात गाडी नाही, पत्र्याचं कपाट उभं राहील.

आणि इंजिन नंबर, चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पुस्तकाशी ताडून बघ.

सुरंगी · ४ मे, दुपारी २:४०

मी बायकांच्या बाजूने बोलते, कारण इथे कुणी बोलणार नाही.

आमच्या ह्यांनी कोंटेसा आणली. इसुझु इंजिनवाली, हे ते आजही प्रत्येक पाहुण्याला सांगतात. "एक पावसाळा, फार तर दोन" म्हणाले होते. सहावा चालू होईल. गाडी अंगणात, सीटा माळ्यावर, चारही दारं पडवीत भिंतीला टेकून. गणेश चवथीला माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधायची तर आधी कोंटेसाची दारं हलवायची, हा आमच्या घरी विधीच झालाय. सुटे स्क्रू बिस्किटांच्या डब्यात. कोणता कुठला ते आता त्यांनाही सांगता येत नाही.

पैशांबद्दल माझी तक्रार नाही, माणसं दारूवर उडवतात त्यापेक्षा बरं. तक्रार ही, की गाडी सुटी केली आणि वर छप्पर नव्हतं. जूनमध्ये पत्र्याचं काम अर्धवट, उघडा पत्रा, नुसता प्राइमर मारलेला. प्राइमर पाणी धरतो हे आम्हाला सप्टेंबरात कळलं. त्या वर्षी वेल्डिंगवर घातलेले सगळे पैसे पुन्हा घालावे लागले.

तुम्ही इंजिन, कागद, सगळं लिहिलंत, पण गाडी ठेवणार कुठे ते एका ओळीत उरकलंत. "गॅरेज नाही, अंगण आहे." भाऊ, तीच ओळ पुन्हा वाचा.

तेलकट_हात · ४ मे, दुपारी ३:०५

सुरंगीताईंनी माझ्या ३४ वर्षांपेक्षा कामाचं सांगितलं.

म्हापशाचा_पाना · ४ मे, दुपारी ३:२०

कोंटेसाची दारं विकणार का? 😀

सुरंगी · ४ मे, दुपारी ३:२२

विचारा त्यांना. मी नाही विचारणार.

चोर्ला_घाट · ४ मे, रात्री ९:४८

माझ्याकडे १९७९ची पद्मिनी आहे, चालू. २०१४ साली साखळीजवळ घेतली, ४० हजारांना. खर्च लपवत नाही: पत्रा आणि रंग १ लाख ७० हजार, इंजिन ५५, ब्रेक आणि पुढचं सस्पेन्शन २८, वायरिंग १५ (उंदरांची कृपा), सीटा नि छत २६, टायर १४, क्रोम आणि बारीकसारीक ३०. तेव्हाचे भाव. गाडीची किंमत धरून पावणेचार लाखांच्या वर गेलं. तीन वर्षं लागली. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, म्हणतात ते उगीच नाही. तुझे ३ लाख आज पुरणार नाहीत, कारण मजुरी वाढली, आणि गॅसवर पत्रा जोडणारे जुने हात कमी झाले. नवी मुलं डेंट काढतात, पत्रा घडवत नाहीत.

पेट्रोलचंही बघ. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. माझ्या पेट्रोलपंपाचा पडदा (गाडीतल्या पंपाचा म्हणतोय) दोनदा फुगून गेला, रबरी नळ्या मऊ पडल्या. सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या तेव्हा थांबलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी ठेवायची सोय नाही, टाकी आतून गंजते. आठवड्यातून एकदा फिरवावीच लागते. इंजिनाचं हेड उघडशील तेव्हा व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या सीट कडक धातूच्या बसवून घे. शिशाचं पेट्रोल २००० सालीच बंद झालं आणि जुन्या सीटांना त्या शिशाचाच आधार होता.

एवढं असूनही विकणार का विचारलंस तर नाही. पहाटे चोर्ला घाटात धुकं असतं, दुसऱ्या गियरवर ही बाई सावकाश चढते आणि कुणालाच घाई नसते. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, त्यामुळे उतरताना घाई करायची नाही. ते सोड.

माझं मत: आज चालू स्थितीतली, कागद बरोबर असलेली पद्मिनी शोध. दीड-दोन लाख जास्त दे. स्वस्तच पडेल.

पुणेरी_स्पॅनर · ५ मे, सकाळी ८:३०

सहमत. व्हिंटेजबद्दल चुकलो, आरसी_बुक यांचे आभार. इकडे पुण्यात कोरड्या हवेत उभ्या राहिलेल्या गाड्यांचे फ्लोअर बरे निघतात. देशावरची गाडी शोधा. परराज्यातून आणायची तर एनओसी लागेल, एवढं लक्षात ठेवा.

कुळागर_८१ · १० मे, रात्री ११:२५

जाऊन आलो. दोन दिवस लागले, कारण तेलकट_हातांच्या हुकुमाप्रमाणे शनिवारी ऑइल सोडून आज पुन्हा गेलो. सोबत मेव्हणा आणि जॅक.

आधी आनंदाची बातमी: इंजिन सुटलं! पुली पहिल्यांदा ढिम्म, मग थोडं मागे-पुढे केलं आणि एकदम मऊ फिरली. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. मेव्हणा म्हणाला, "घेतलीस तू आता."

मग चुंबक. बॉनेट, छत, बूटचं झाकण: घट्ट. डावीकडची दोन्ही दारं ठीक. उजवीकडे मागच्या कमानीवर चुंबक सरळ खाली पडलं. उजव्या पट्टीवर मधला हातभर भाग सोडला तर कुठेच धरलं नाही. स्क्रू-ड्रायव्हर टोचायची गरज पडली नाही, बोटाने दाबलं तर तांबडा भुगा गळला, आपल्या मातीसारखा. आतलं अस्तर उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखाली फणसाचं रोप! हातभर उंच, पिवळट. बी कशी आत गेली देव जाणे.

जॅक लावला. उजवं पुढचं दार आधी लागत होतं, उचलल्यावर अर्ध्यावर अडकलं. मेव्हणा तेव्हा काही बोलला नाही.

कागद काकींनी ट्रंकेतून काढून दिले, काकांनी प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेले. चासी नंबर जुळतो. इंजिन नंबर जुळत नाही. काकांनी कधीतरी दुसरं इंजिन बसवलं होतं, पुस्तकात नोंद नाही. मुलगे दोन, एक बहारीनला, एक इथेच वास्कोला. वास्कोचं नाव निघाल्यावर काकींनी विषय बदलला आणि सोलकढी आणली.

आता खरी पंचाईत. निघताना त्या म्हणाल्या, "बारा हजार दी आनी व्हर, पावस येता." (बारा हजार दे आणि घेऊन जा, पाऊस येतोय.) ६० वरून १२! डोकं नको म्हणतंय आणि झोप लागत नाहीये.

तेलकट_हात · ११ मे, सकाळी ६:३५

नको. फुकट दिली तरी नको. उजवी पट्टी, कमान, फ्लोअर, म्हणजे अर्धी गाडी कापायची. कापताना बॉडीला आतून आधार देऊन, मापं धरून वेल्डिंग करणारा माणूस लागतो, नाहीतर गाडी कायमची खेकड्यासारखी चालते. फोंड्याच्या आसपास असं काम करणारा एक जण होता, गेल्या वर्षी त्याने वर्कशॉप बंद केलं.

इंजिन फिरलं म्हणून तू विरघळलास. सगळे तिथेच विरघळतात.

आरसी_बुक · ११ मे, सकाळी १०:१०

माझ्याकडूनही नाही. इंजिन बदलाची नोंद, रुसलेला वारस, संपलेली नोंदणी, तिन्ही एकदम. एकेक असतं तर निभावलं असतं.

आणि आणखी एक, काकींच्या भल्यासाठी. १२ हजारांना ती कुणातरी भंगारवाल्याला तशीच देऊ नका म्हणावं. आरसी रद्द न करता गाडी गेली तर कागदोपत्री ती काकांच्याच नावावर राहते, आणि त्या नंबरचं उद्या कुठे काय झालं तर पोलीस मडकईला येतील. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यायची, तिथून दाखला घ्यायचा, आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्यायची. त्यालाही वारसांच्या सह्या लागतील, पण त्या निदान एकदाच.

म्हापशाचा_पाना · ११ मे, सकाळी ११:४५

मी "घे" म्हणालो होतो, शब्द मागे घेतो. पण ते फणसाचं रोप तरी आणायचंस.

चोर्ला_घाट · ११ मे, रात्री ९:१५

एक सुचवू? बारा हजारांच्या मोहाला औषध आहे. दिवाळीनंतर एक रविवार काढ, मी फियाट घेऊन फोंड्याला येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तू चालव. गरमीत, ट्रॅफिकमध्ये, पॉवर स्टिअरिंगशिवाय मार्केटात पार्क करून बघ. त्यानंतरही हवीशी वाटली तर चालू गाडी मिळून शोधू.

कुळागर_८१ · १९ मे, रात्री ९:५०

काकींना नकार कळवला. फोनवर सांगायला जमेना म्हणून जाऊनच सांगितलं. त्या नाराज झाल्या नाहीत, उलट "हांव सांगतालें ताका, झाकून दवरूं नाका" (मी सांगायचे त्याला, झाकून ठेवू नका) म्हणाल्या. कुणाला सांगायच्या ते विचारलं नाही. आरसी_बुक यांनी लिहिलेलं स्क्रॅपचं सगळं एका कागदावर उतरवून दिलं. बहारीनचा मुलगा चवथीला येतोय, तो धाकट्याशी बोलणार आहे. भिंतीचं काम तोवर थांबवलंय.

चोर्ला_घाट, दिवाळीनंतरचा रविवार पक्का. घरच्यांनाही आणतो, मागच्या सीटवर.

दरम्यान परसात एक शेड उभारायला घेतलीय. लोखंडी खांब, वर पत्रे, पश्चिमेकडून बंद, खाली कोबा, बाकी तिन्ही बाजूंनी वारा खेळता. मेस्त म्हणतो जूनच्या पहिल्या आठवड्याआधी पत्रे चढतील. बायकोने विचारलं कशाला, तर म्हटलं, नारळ ठेवायला.

सुरंगी · १९ मे, रात्री १०:०४

माप काय आहे शेडचं?

कुळागर_८१ · १९ मे, रात्री १०:०६

अठरा बाय दहा.

सुरंगी · १९ मे, रात्री १०:०७

माड किती आहेत तुमचे?

कुळागर_८१ · १९ मे, रात्री १०:२०

चार.